मालक साडेतीन मिनिटं बोलला

मेनच्या उत्तरेला तळ्यावर दीड फूट बर्फ,
बर्फावर ऑल्टनची प्लायवुडची खोपटी,
आत शेगडी, उलट्या घातलेल्या चार बादल्या,
चार भोकं, चार गळ
आणि रेडिओ.
सकाळपासून मासा एकच. तोही वीतभर.

लीगचं म्हणणं असं :
सामन्याच्या आदल्या रात्री, उणे अकरामध्ये,
आमच्या मैदानाची उत्तरेकडची पट्टी कुणीतरी भिजवली.
तेवढीच पट्टी,
जिथून त्यांचा तो विजेसारखा पोरगा
कडेकडेनं सुटतो.
पोरगा तीनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याला उचलून नेलं.
आम्ही सहा गुणांनी जिंकलो.
त्या रात्री मी हॉर्न वाजवत
गावाला दोन चकरा मारल्या होत्या.

आज मालक बोलला. साडेतीन मिनिटं.
‘निकाल मला पटलेला नाही,
तरी लीगच्या भल्यासाठी मी तो स्वीकारतो.
एका कर्मचाऱ्याचा अतिउत्साह.
त्याला आम्ही मोकळं केलं आहे.’

‘बघा, याला म्हणतात मोठं मन,’ नॉर्बर्ट म्हणाला,
‘कोर्टात गेला असता तर सगळा हंगाम बुडाला असता.
आपल्यासाठी गिळला त्यानं अपमान.’
‘दंड भरला ना?’ डेल्फीन गळ हलवत म्हणाली,
‘केलं नाही तर भरला कशाला,
आणि केलं असेल तर मान एवढी ताठ कशी?’
‘सगळेच करतात.’ हा ऑल्टन.
तो बायकोच्या वाढदिवसालाही हेच म्हणाला असेल.

‘आणि अर्ध्या सामन्यात बाजू बदलतात, बाई!
आपली पोरंही त्याच बर्फावरून धावली की!’
नॉर्बर्टनं मांडीवर थाप मारली. भोकातलं पाणी थरथरलं.
‘धावली,’ डेल्फीन म्हणाली,
‘पहिल्या मिनिटापासून लांब खिळ्यांचे बूट घालून.
कुणी सांगितलं होतं त्यांना?’

शेगडीत लाकूड फुटलं.
आपला तो बाब्या, असं आम्हाला तोंडानं म्हणावं लागत नाही.
टोप्याच म्हणतात, निळ्या,
कानांवरून खाली ओढलेल्या.
माझीही तशीच. आईनं विणलेली, मालकाच्या वडिलांच्या काळातली,
तेव्हा आम्ही बारा वर्षं नुसते हरत होतो
आणि कुणी आमच्याबद्दल काही म्हणत नव्हतं.

मग दार वाजलं.
रॉइस. तोच, अतिउत्साही.
एकतीस वर्षं त्या मैदानाचं गवत कापलेला,
आता दोनशे पावलांवर त्याची खोपटी, तिचा धूर
आम्हाला रोज दिसतो, आणि आम्ही रोज
वारा कुठून आहे तेवढंच त्यावरून बघतो.
नॉर्बर्टनं रेडिओ बंद केला. जरा जास्तच घाईनं.

त्याला आमिष हवं होतं, संपलं होतं.
ऑल्टननं डबाच दिला, सगळा.
डेल्फीननं कॉफी ओतली, तो उभ्यानंच प्यायला.
जॅकेट तेच, संघाचं. छातीवरचं चिन्ह
उसवलेलं नव्हतं, मी नीट बघितलं.

‘मासे?’ त्यानं विचारलं.
‘एक,’ मी म्हणालो.

जाताना दाराशी थांबला,
माझ्या भोकावर धरलेली साय
बुटाच्या टाचेनं हलकेच फोडली, म्हणाला,
‘ते पाइप गारठले की लाकडासारखे होतात.
दोघांशिवाय उचलत नाहीत.’
आणि दार लावून घेतलं, काळजीनं,
ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

बराच वेळ कुणी गळाकडेही बघितलं नाही.
दुसरा कोण, हे विचारायला
दोनशे पावलं होती. सपाट, मोकळी.

नॉर्बर्टनं रेडिओ लावला.
हवामान. मग रविवारच्या सामन्याची वेळ.
‘कुणाच्या घरी बघायचा?’ तो म्हणाला,
बादलीत बघत,
त्या वीतभर माशाला विचारल्यासारखा.
‘माझ्याकडे या,’
मीच म्हणालो.